अनुभव धागा: बोटीवरची पंप शॉटगन आणि गंज

मंडळी, येत्या उन्हाळ्यात सिएटलहून इनसाइड पॅसेजने (किनाऱ्यालगतच्या बेटांमधल्या जलमार्गाने) अलास्कातल्या ज्युनोपर्यंत बोट न्यायचा बेत आहे. मुक्काम निर्जन खाड्यांत, किनाऱ्यावर अस्वलं. वाटेत कॅनडा लागतं, म्हणजे पिस्तूल बादच. लांब नळीची बंदूक मात्र फॉर्म भरून, २५ कॅनेडियन डॉलर देऊन नेता येते. दोन नावं सतत कानावर येतात: मॉसबर्ग ५९० मरिनर आणि रेमिंग्टन ८७० मरीन मॅग्नम, दोन्ही पंप शॉटगन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या. खाऱ्या पाण्यावर ज्यांनी बंदूक सांभाळलीय त्यांनी लिहा. कॅटलॉग वाचून झालेत.

केचिकानकर:
आमच्या गावात वर्षाला १५० इंचांच्या आसपास पाऊस, त्यात समुद्राचे तुषार. हॅलिबट माशाच्या भाड्याच्या बोटीवर डेकहँड होतो, तिथे मरिनर होती आणि ती पुसायचं काम माझ्या गळ्यात. बाहेरचा रुपेरी मरीनकोट, म्हणजे गंजरोधक मुलामा, खरंच टिकतो. रिसीव्हर (यंत्रणा बसते तो मधला सांगाडा) अ‍ॅल्युमिनियमचा, त्याला तांबूस गंज चढायचा प्रश्नच नाही. पण मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरायच्या नळीची, टोपी काढून स्प्रिंग ओढली की बोटांना तपकिरी भुकटी लागायची. पिना, स्क्रू, एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस ओढणाऱ्या आकड्याची) खाच, गंज धरतो तो इथेच. बाहेरून बंदूक नवरीसारखी, आत सगळा आनंद! फेरी संपली की सुटी करायची, गोड्या पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, मग तेल. आधी तेल लावलंत तर मीठ त्याच्याखालीच राहतं. आणखी एक, मॉसबर्गचा सेफ्टी खटका वर, अंगठ्याखाली असतो. जाड हातमोज्यांत त्याचं मोल कळतं, आणि मी डावखुरा.

फ्लोरिडाचा खलाशी:
माझ्याकडे मरीन मॅग्नम आहे. हिचा निकेलचा मुलामा नळीच्या आतूनही असतो, रिसीव्हरच्या आतही. बंदूक म्हणून मला हीच आवडते, चाल लोण्यासारखी. मात्र खालचं सगळं पोलाद. निकेलला खोल ओरखडा गेला की गंज नेमका त्या भोकातून आत शिरतो आणि खड्डा पाडतो, कारण दोन धातूंच्या जोडीत झिजतं ते पोलाद. म्हणून जुनी घेणार असाल तर नळीचं तोंड आणि पट्ट्याच्या कड्या भिंगाखाली बघा. विकणाऱ्याने मला 'एकही डाग नाही' म्हणून सांगितलं होतं; कडीखाली नखाएवढा पोपडा निघाला.
फोमच्या पेटीत कायमची ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो. बंदुकीवर चढवायचा सिलिकॉन लावलेला मोजा बरा. आणि बहामाला गेलात तर पोचल्यावर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांचा अचूक आकडा कस्टमला लिहून द्यावा लागतो, बंदूक बोटीवरच कुलपात. मोजताना दोनदा मोजा. मेक्सिकोकडे तर परवान्याशिवाय नेण्याचा विचारही नको.

वेंगुर्लेकर:
बोट नाही, पण खारं वारं आहे. आजोबांची शेतीसंरक्षण परवान्याची बारा बोअर घरात होती, डुकरं आणि माकडांसाठी. पावसाळ्यात ती माळ्यावर ठेवायची नाही हा घरचा नियम; चुलीच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब. हाताळून झाली की तेलाचं फडकं फिरवायचंच, कारण घामाच्या बोटांचे ठसे आठवड्यात गंजून उठतात. पण तुम्ही लोक काडतुसांबद्दल कुणीच बोलत नाही! जुनी कागदी नळीची काडतुसं दमट हवेत फुगून नळीत अडकायची. आता प्लॅस्टिक आलं, तरी बूड धातूचंच. स्वस्तातल्या काडतुसांचं बूड पोलादाचं, वरून नुसता पितळी मुलामा. ती मॅगझिनमध्ये महिनोन्‌महिने भरून ठेवली तर बंदूक कितीही महागाची घ्या, उपयोग नाही.

ज्युनोहून:
अस्वलासाठी आधी तिखटाचा स्प्रे, तोही कमरेला, केबिनमध्ये नाही. बंदूक दुसरी. घेणारच असाल तर मरिनर घ्या, सुटी करायला सोपी आहे म्हणून. बोटीवर शेवटी तेच करावं लागतं.

धागाकर्ता:
केचिकानकर, स्प्रिंग बदलून स्टेनलेसची टाकली तर चालेल का? आणि वेंगुर्लेकर, काडतुसं हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवतो, आजच डबा आणला.

केचिकानकर:
चालेल. पण स्टेनलेस म्हणजे न गंजणारं असं धरून चालू नका, खाऱ्या पाण्यात त्यालाही डाग पडतात. पुसणं सुटत नाही.