आईंना चालू द्यायचं की नाही? (सोसायटीचा ग्रुप, मंगळवार रात्र)

ए-४०२, रात्री ९:१२
हा सोसायटीचा विषय नाही, माफ करा, पण कुणाला विचारावं कळेना. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन होऊन २३ दिवस झाले. अर्धा सांधा बदललाय. वॉकर घेऊन रोज चालवा असं हॉस्पिटलमधून सांगितलंय. परवा पहाटे बाथरूमला नेत होते. पलंगावरून उठल्या, दोन पावलं टाकली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाल्या. सगळा भार माझ्या अंगावर. कसंबसं मागे पलंगावर बसवलं. पडल्या नाहीत, पण तेव्हापासून मी त्यांना उठवलेलंच नाही. डायपर लावलाय. त्या धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. ह्यांची चाकणला थर्ड शिफ्ट, रात्री मी एकटी. नुसती कूस बदलली तरी दचकून उठते. चालू द्यायचं की नाही?

बी-१०४ काकू, ९:१५
अगं, माफी कसली मागतेस. दोन दिवस एकटीच काढलेस? आधी सांगायचं ना.

सी-३०१, ९:१७
वहिनी, माझं ऐका, दोन महिने अजिबात उठवू नका. पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावून घ्या. खरंच पडल्या तर सगळंच अवघड होऊन बसेल.

बी-२०३, ९:२३
दादा, कठड्यांचं आमच्या घरी उलटं झालं. बाबांना ऑपरेशननंतर रात्री भान नसायचं. कठडा ओलांडून उतरायला गेले आणि पलंगापेक्षाही वरून पडले. मनगट मोडलं. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तर कठडा धरून उठायला मदत होते, हे खरं. पण गोंधळलेल्या माणसाला तो अडवत नाही. आम्ही नंतर पलंगाचे पाय काढून उंची कमी केली होती.

सी-१०२ (फिजिओ), ९:३१
ताई, मी आत्ताच ड्युटीवरून आले. चालू द्यायचंच. तुमची भीती खोटी नाही, पण झोपवून ठेवल्याने पडायचा धोका टळत नाही, वाढतो. या वयात आठवडाभर पडून राहिलं तरी मांडीची ताकद झपाट्याने जाते. मग उठवाल तेव्हा पाय आणखी थरथरतील, तुम्ही आणखी घाबराल आणि पुन्हा झोपवाल. पायात रक्ताची गुठळी, छातीत कफ, पाठीला जखमा, हे सगळं पडून राहण्यातूनच येतं.

उठवायची पद्धत मात्र बदला. झोपेतून थेट उभं करायचं नाही. आधी पडल्या पडल्या घोटे दहा-पंधरा वेळा वर-खाली. मग काठावर बसवा, पाय जमिनीला टेकलेले, दोन मिनिटं तशाच बसू द्या. गप्पा मारा, चेहरा बघा. मग उभं करा आणि उभं केल्यावरही जागच्या जागी थांबा. गरगरलं तर मागे पलंग आहेच. वॉकर ओढून उठू देऊ नका, तो उलटतो. हात पलंगावर दाबून उठायचं, मग वॉकर धरायचा. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय.

तुम्ही समोर उभ्या राहून हात ओढत असाल तर ते बंद करा. ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा, सर्जिकलच्या दुकानात मिळतो, आणि तो धरा. दंड धरलात तर खांदा निखळू शकतो.

आणि बुटकी खुर्ची, खाली वाकणं, पायावर पाय, भारतीय संडास, सगळं बंद. सर्जन हो म्हणेपर्यंत.

ए-४०२, ९:३८
मी हातच ओढत होते.

सी-१०२ (फिजिओ), ९:३९
सगळेच ओढतात ताई. उद्या सकाळी सातला येते, दाखवते.

ए-५०१ डॉक्टर काका, ९:४६
अंधारीचं कारण शोधल्याशिवाय नुसतं चालवून भागणार नाही. घरी बीपीचं मशीन आहे ना? पाच मिनिटं झोपवून एकदा घ्या, उभं केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना बीपी पडतंय असं समजा. उभं राहवत नसेल तर बसवून घ्या, ओढाताण नको.

सगळ्या गोळ्यांचा फोटो मला पाठवा, ग्रुपवर नको. बीपीची, लघवी जास्त होण्याची आणि झोपेची गोळी, तिन्ही मी बघतो. ऑपरेशननंतर माणूस कमी खातो, कमी पितो आणि जुन्या गोळ्या तेवढ्याच चालू राहतात. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नका.

बी-१०४ काकू, ९:५८
मी दुसरंच विचारते. त्या पाणी किती पितात गं?

ए-४०२, १०:०१
नाही म्हणतात. तहान नाही म्हणतात.

बी-१०४ काकू, १०:०९
तहान असते. माझा गुडघा बदलला तेव्हा मीही नाहीच म्हणायचे. पाणी प्यायलं की लघवीला जायचं, लघवीला जायचं की सुनेला उठवायचं. ती दिवसभर ऑफिसात राबून आलेली. म्हणून संध्याकाळी सहानंतर घोटसुद्धा घेत नव्हते. एकदा तिला उठवायला नको म्हणून एकटीच भिंत धरून निघाले आणि पायपुसण्यावरून पाय सटकला. नशिबाने बसती झाले. हे मी घरात आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आज इथे लिहिते आहे. त्या बोलत नाहीत त्या रागाने नव्हे. आपण ओझं झालो असं वाटतं गं. डायपरने तर फार वाटतं. जवळ बसून विचार.

ए-५०१ डॉक्टर काका, १०:११
काकूंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. पाणी कमी पडलं की उभं राहताना बीपी उतरतंच. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर दिवसा भरपूर द्या, झोपायच्या आधीचे दोन तास थोडं कमी.

बी-२०३, १०:१४
रात्रीसाठी आमच्याकडे कमोडची खुर्ची पलंगालाच लावून ठेवायचो. पहाटेची ती बाथरूमची फेरीच नको. ती माळ्यावर आहे, उद्या धुऊन आणून देतो. आणि दारावरची बिनतारी बेल असते ना, तिचं बटण उशीला बांधा आणि बेल तुमच्या उशाशी ठेवा. हाक ऐकू येईल की नाही या धास्तीनेच झोप जाते. बेल लावल्यावर बाबांच्या आजारपणात माझी आई पहिल्यांदा सलग चार तास झोपली.

सी-३०१, १०:१८
वहिनी, मी चुकीचं सांगितलं, सॉरी. बाथरूममध्ये धरायचा दांडा लावायचा असेल तर ड्रिल मशीन घेऊन शनिवारी येतो. टॉवेलच्या दांडीला धरू देऊ नका, ती भार घेत नाही, उपटून येते. आणि बाथरूमच्या दाराची आतली कडी उद्याच काढून टाका.

ए-४०२, १०:२२
आणि तरीही पडल्या तर? मी एकटी काय करू?

सी-१०२ (फिजिओ), १०:३०
पडायला लागल्या तर अडवून धरायला जाऊ नका, दोघी पडाल. पट्टा धरून, तुमच्या मांडीला टेकवत सावकाश खाली बसू द्या. डोकं वाचवा.

पडल्यावर लगेच उचलायचं नाही. काखेत हात घालून तर नाहीच. खुब्यात कळ असेल, पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेर वळला असेल तर तसंच राहू द्या, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. दुखत नसलं तरी एकटीने उचलू नका, आम्हाला बोलवा.

ए-५०१ डॉक्टर काका, १०:३३
रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं, तर जखम दिसो न दिसो, हॉस्पिटल. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

बी-१०४ काकू, १०:३५
माझा फोन रात्री चालू असतो. मला तशीही झोप नसते.

सेक्रेटरी, १०:४१
ए विंगची लॉबी उद्यापासून सकाळी सहाच्या आत पुसून कोरडी करायला सांगतो. वॉचमनकडे ए-४०२ ची एक चावी ठेवू का? वहिनी, तुम्ही हो म्हणालात तरच.

ए-४०२, १०:४४
चावी काकूंकडे देते.

*बुधवार*

ए-४०२, रात्री ८:५०
सकाळी फिजिओ ताई आल्या होत्या. झोपून बीपी १३४, उभं केल्यावर १०८. डॉक्टर काका सर्जनशी बोलले, लघवीच्या गोळीचा डोस कमी झालाय. आई आज पलंगापासून हॉलच्या दारापर्यंत जाऊन आल्या, दोनदा. डायपर काढला. काकू, पाण्याचं विचारलं. आधी गप्प बसल्या, मग रडल्या. म्हणाल्या, तुझी झोपमोड होते गं. मी पण रडले.

बी-१०४ काकू, ८:५२
बरं झालं. आता जेवून घे.

ए-४०२, गुरुवार पहाटे ४:०७
बेल वाजली. दोन मिनिटं काठावर बसवलं, मग खुर्चीवर. अंधारी आली नाही. आता परत झोपल्यात. दांडा शनिवारी लावू या.