कोथरूडच्या शोकेसमधला ट्रायलोबाइट: याला छंद म्हणायचं?

टेकडीवाला
परवा इथे एक पोस्ट आली. ऑनलाइन मागवलेला मोरोक्कोचा ट्रायलोबाइट (समुद्रात राहणाऱ्या, केव्हाच नामशेष झालेल्या कवचवाल्या प्राण्याचा जीवाश्म), 3,200 रुपये, आणि वर मथळा: '40 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र आता आमच्या कोथरूडच्या शोकेसमध्ये.' पुणेकरांनी जीवाश्म जमवायचा छंद लावून घ्यावा, असा उपदेशही होता. प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

जमवलंत कुठे? विकत घेतलंत. पुण्याभोवती जन्मभर हातोडी घेऊन हिंडलात तरी ट्रायलोबाइट मिळायचा नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि ट्रायलोबाइट 25 कोटी वर्षांपूर्वीच संपले. त्यानंतर 18 कोटी वर्षांनी सिंहगडाचा दगड ओतला गेला!

आणि कुठल्या थरातून निघाला याची चिठ्ठी सोबत नसेल तर तो दगड म्हणजे पेपरवेट. 1989 साली ऑस्ट्रेलियाचे जीवाश्मतज्ज्ञ जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात पंजाब विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचं बिंग फोडलं, ते आठवा. हिमालयातले म्हणून छापलेले जीवाश्म मोरोक्कोच्या मालाशी जुळत होते. आपल्याकडे हिमाचलात, स्पितीतल्या पराहिओ खोऱ्यात खरे ट्रायलोबाइट आहेत. हेडन या ब्रिटिश भूवैज्ञानिकानं गोळा केले, रीड या जीवाश्मतज्ज्ञानं 1910 साली त्यांचं वर्णन छापलं. त्या खोऱ्याचं नाव तरी ऐकलं होतंत का?

शोकेसवाला
नमस्कार, आरोपी हजर आहे. पराहिओ ऐकलं नव्हतं, कबूल. पण प्रत्येकानं स्पितीला जाऊन दगड फोडायला लागलं तर तिथे काय उरेल? आणि हौशी लोकांना इतकं हिणवू नका. न्यूयॉर्क राज्यातला पायराइट या सोनेरी खनिजाचे ट्रायलोबाइट देणारा तो प्रसिद्ध थर, ज्यात मिशा-पायसुद्धा टिकलेत, बीचर या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञानं खणल्यावर कित्येक दशकं हरवला होता. 1984 मध्ये तो पुन्हा शोधला दोन हौशी लोकांनीच. कुठल्या प्राध्यापकानं नव्हे.

बंडोपंत
मूळ पोस्टमध्ये 'डोकं, धड, शेपूट असे तीन भाग म्हणून ट्रायलोबाइट' असं लिहिलंय. साफ चूक. तीन खंड उभे मोजायचे: मधला कणा आणि दोन्ही बाजूंचे दोन. चाळीस वर्षं शिकवलं, आता घरबसल्या हे वाचायचं.
आणखी एक. यातले पुष्कळ जीवाश्म म्हणजे टाकलेली कात. तुम्ही 3,200 रुपयांत प्राणी नव्हे, त्याचा जुना कोट घेतला असण्याची शक्यता बरीच आहे.

खाणकरी
ट्रायलोबाइट राहू द्या. आमच्या वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट हे निळं खनिज जगभरच्या संग्रहालयांत आहे, हे पुण्यात किती जणांना माहितीये? लहानपणी आमचे वडील खडी फोडायला जायचे. एकदा डब्यात, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून, मोरपंखी निळ्या काट्यांचा गोळा आणला होता. व्यापारी आला, दोनशे रुपये ठेवून घेऊन गेला. आईला वाटलं लॉटरी लागली. आता तसलाच खडा परदेशी साइटवर दिसतो, किंमत बघून जेवण जात नाही. आणि हे मोरोक्कोहून मागवतात!

गौरी_सहकारनगर
@टेकडीवाला, थराची चिठ्ठी नाही म्हणून पेपरवेट? मग आमच्या देवघरातला शाळिग्राम काय? सासूबाईंच्या सासूबाईंनी आणलेला, गंडकीचा. त्याचीही चिठ्ठी नाही.

टेकडीवाला
गौरीताई, शाळिग्राम म्हणजे ज्युरासिक समुद्रातला अमोनाइट, वेटोळ्या शंखाचा एक नामशेष प्राणी. चक्र म्हणजे त्याच्या शंखाचे वेटोळे. पूजेला हरकत नाही, पण विज्ञानाच्या लेखी तोही बेवारस.

बंडोपंत
देवाला बेवारस म्हणण्यापर्यंत मजल गेली! अहो, वज्रकीट नावाच्या किड्यानं तो आतून कोरला असं आमच्याकडे पूर्वापार सांगतात. म्हणजे त्या खुणेमागे एक जीव आहे, हे आमच्या लोकांनी भिंगाशिवाय ओळखलं.

खाणकरी
सर, ओळखलं ते ओळखलं. पण किड्यानं दगड कोरला आणि जीवच दगड झाला, या दोन गोष्टी एक नाहीत. शिकवलं चाळीस वर्षं तुम्हीच ना?

बंडोपंत
तुम्ही माझं शिकवणं काढू नका.

गौरी_सहकारनगर
मी विचारलं काय, चाललंय काय. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'शंख असला तर असू दे, आंघोळ घालायची ती घालायचीच.' माझ्यापुरता विषय संपला.

टेकडीवाला
बेवारस हा शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

तिसरी गोष्ट राहिली होती. शोकेसवाले, तो खरा आहे का हे तरी पाहिलंत? मी स्वतः दहा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात 1,800 रुपये घालवलेत. घरी सुई तापवून टेकवली, प्लॅस्टिकचा वास आला. बायको अजून पाहुण्यांना सांगते. म्हणून म्हणतो, भिंगातून बघा. टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं दिसली तर ते ओतकामातले बुडबुडे. उलट एक तडा दगडातून निघून सरळ प्राण्याच्या अंगावरून पलीकडे गेलेला असेल, तर आशेला जागा आहे. खरा नमुना दगड फोडतानाच दुभंगतो, मग चिकटवतात.

शोकेसवाला
हा राग त्या 1,800 रुपयांचा आहे, हे आधीच सांगितलं असतंत तर निम्मा धागा वाचला असता.
मुलीच्या शाळेच्या किटमधलं भिंग घेऊन बसलो. तडा आहे. दगडातून येतो, पाठीवरून तिरका जातो, पुन्हा दगडात शिरतो. डाव्या डोळ्यात भिंगांच्या रांगा स्पष्ट, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. उजवा डोळा मात्र गुळगुळीत, आणि त्याच्या कडेला दोन छिद्रं. गोल.

बंडोपंत
म्हणजे प्राणी खरा, डोळा बसवलेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

टेकडीवाला
फोटो टाका. डाव्या डोळ्याचाही.