कुत्री मोकळी फिरतात त्या मैदानात ससा, गिनीपिग न्यावेत का? सल्ला हवा

हिरवळ
नमस्कार मंडळी. घरात एक ससा आहे (नर, नसबंदी झालेली, वजन १.८ किलो) आणि दोन गिनीपिग माद्या. पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी राहतो. जवळच्या मैदानात सकाळ-संध्याकाळ लोक कुत्र्यांचे पट्टे सोडून देतात, भटकी चार-पाच वेगळीच. तिघांना अधूनमधून गवतावर न्यावं असं मनात आहे. हार्नेस (छाती-पाठीवर घालायचा पट्टा) कोणता घ्यावा, घडीचं कुंपण पुरेल का, कोणत्या वेळी जावं, आणि कुत्रं अंगावर आलंच तर नेमकं काय करावं? किस्से नकोत, पद्धत कळली तर बरं.

लंबकर्ण
गिनीपिगचं उत्तर सोपं आहे, त्यांना नेऊ नका. त्यांच्यासाठी हार्नेस विकतात, पण घ्यायचा नाही. मान आणि खांदे जवळजवळ सारख्याच जाडीचे असतात, त्यामुळे पट्टा सैल ठेवला तर निसटतो आणि आवळला तर छाती दाबली जाते. घाबरलेलं गिनीपिग एक तर जागच्या जागी थिजतं, नाहीतर दिसेल त्या झुडपात घुसतं. घाणेरीच्या जाळीत शिरलं तर पुन्हा हाती लागणं कठीण. गवत स्वच्छ जागेवरून खुडून घरी आणा, त्यांचं भागतं.

सशाला मात्र शिकवता येतं. हार्नेस जाकीटवजाच घ्या: छाती-पाठीवर रुंद कापड, एक पट्टी मानेपाशी, एक पुढच्या पायांच्या मागे, दोरीची कडी पाठीवर. नुसत्या बारीक पट्ट्यांचा स्वस्त मिळतो, पण ससा उसळला की सगळा जोर त्या दोन पट्ट्यांवर येतो. पट्टी आणि अंग यांच्यामध्ये एक बोट सहज जायला हवं. दोन जात असतील तर ससा मागे सरकत सरकत बाहेर येतो. दोरी दीड-दोन मीटर, हलकी, मध्ये लवचीक तुकडा असलेली. डबीत गुंडाळली जाणारी दोरी अजिबात नको. ती हातातून सुटली की डबी खडखडत मागे येते आणि ससा त्या आवाजापासूनच पळत सुटतो.

दोरी बाकाला किंवा झाडाला बांधून बसू नका. सशाचा सांगाडा वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के असतो आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र दांडगे. पूर्ण वेगात असताना दोरी संपून झटका बसला तर कमरेचा मणका मोडतो आणि मागचे पाय जातात. दोरी हातात ठेवायची आणि ससा जाईल तिकडे आपण जायचं.

सवय घरातच लावा. पहिले दोन-तीन दिवस हार्नेस नुसता त्याच्या जेवणाजवळ ठेवा. मग पाच मिनिटं घालून लगेच कोथिंबिरीची काडी द्या. मग पंधरा मिनिटं, मग दोरी लावून. घातल्यावर तो बसून राहिला तर तो शांत आहे असं समजू नका. अंग चाटायला, हुंगायला, खायला लागला तरच सवय झाली. आठ-दहा दिवसांत हे जमलं नाही तर त्या सशासाठी बाहेर जाणं नाही, ओढाताण करू नये.

टेकडीरोज
वेळेचा खरा पेच असा की सशाला चालणारी गार वेळ हीच कुत्र्यांची वेळ असते. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते. १५ ते २१ अंशांत तो सुखात असतो, ३० च्या आसपास उष्माघाताचा धोका सुरू होतो. म्हणजे पुण्यात मार्च ते मे विषय बंद. पावसाळ्यात चिखल, गोचीड आणि कुत्र्या-उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग, म्हणून तेव्हाही नको. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही सहा ते साडेआठ टाळा. साडेनऊनंतर फिरायला येणारे पांगतात, दव वाळलेलं असतं आणि सावलीत हवा गारच असते. साडेनऊ ते साडेदहा, वीस मिनिटं, तीही आठवड्याच्या मधल्या दिवशी. रविवार सोडा.

जागेबद्दल: वेताळ टेकडी किंवा तळजाईवर नेऊ नका. तिथे पट्टा सोडलेली कुत्री लांबून येतात आणि बाजूला व्हायला आडोसा नसतो. महापालिकेच्या बहुतेक उद्यानांत पाळीव प्राण्यांना मनाई असते, दारावरची पाटी आधी वाचा. चारी बाजूंनी भिंत आणि एकच फाटक, तेही बंद होणारं, अशी जागा शोधा. सोसायटीचं मागचं आवार, ओळखीच्यांच्या बंगल्याचं अंगण. फाटक बंद होत नसेल तर ती जागा बाद.

घडीच्या कुंपणावर फार विश्वास टाकू नका. ६० सेंटीमीटरची जाळी ससा सहज ओलांडतो, म्हणून किमान ९० घ्या. पण ती सशाला आत ठेवण्यासाठी आहे, कुत्र्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. मध्यम आकाराचं कुत्रं नुसतं अंग टेकवून ती आडवी करतं. खुंट्या गवताच्या मातीत बसतात, मुरमात बसत नाहीत. वरून शेडनेट बांधाच. पुण्या-मुंबईत घारी भरपूर आहेत, पिल्लू त्या उचलतात, आणि कावळे डोळ्यांवर टोचतात.

पशुवैद्य_लहानप्राणी
वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक गोष्ट ठळक करते. कुत्रं चावलंच पाहिजे असं नाही. कुंपणाभोवती दोन मिनिटं भुंकत फिरलं तरी सशाचा जीव जाऊ शकतो, कधी तिथल्या तिथे धक्क्याने, जास्त वेळा दुसऱ्या दिवशी. भीतीने आतड्यांची हालचाल मंदावते, ससा खात नाही, न खाल्ल्याने आतडी आणखी थंडावतात, वायू धरतो, पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. बाहेरून आल्यावर पुढचे बारा तास लेंड्यांवर लक्ष ठेवा. लहान, कोरड्या, वेड्यावाकड्या किंवा अगदीच कमी झाल्या तर सावध व्हा. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद म्हणजे तातडी, रात्र असली तरी.

कुत्रं येताना दिसलं की काय करायचं, ते क्रमाने सांगते. पेटी आधीपासून उघडी आणि हाताच्या अंतरावर असली पाहिजे. टणक प्लास्टिकची, वरूनही उघडणारी, तळाला टॉवेल आणि मूठभर वाळलं गवत. कापडी पिशवी कुत्र्याच्या दातांपुढे टिकत नाही. कुत्रं पन्नास मीटरवर असतानाच ससा उचला, जवळ येण्याची वाट पाहू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अंगाशी घट्ट. पेटीत ठेवा, दार लावा, वर टॉवेल टाका म्हणजे त्याला दिसणार नाही. मग पेटी छातीशी धरून कुत्र्याकडे पाठ न करता बाजू करून उभे राहा. पळू नका. ससा हातात धरून डोक्यावर उंच तर मुळीच नेऊ नका: कुत्रं उडी मारतं, ससा लाथ झाडतो आणि तेवढ्या उंचीवरून पडतो. बटण दाबून उघडणारी छत्री सोबत असू द्या, कुत्र्याच्या आणि तुमच्या मध्ये उघडली की बहुतेक कुत्री थबकतात.

भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा गप्प कुत्र्याला जपा. तोंड मिटलेलं, डोकं खाली, अंग ताठ, नजर सशावर खिळलेली, हा झेपेच्या आधीचा क्षण. कारवान, मुधोळ ही कुत्री तर ससा पाहून धावण्यासाठीच जोपासली गेली आहेत. ‘आमचा काही करत नाही’ असं मालक मनापासून म्हणत असतो, पण ते माणसांपुरतं खरं असतं.

चावा बसलाच तर वरून दोन बारीक भोकं दिसतात, तीही केस बाजूला केल्यावर. आत स्नायू चिरडलेला, फासळी मोडलेली असू शकते. ‘ठीक दिसतोय’ म्हणून थांबू नका. उबदार, अंधाऱ्या पेटीत ठेवून तासाभरात दवाखाना गाठा. कुत्र्याचा रेबीजचा इतिहास माहीत नसेल तर तेही सांगा. घरातलं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटातलं कोणतंही औषध तोंडाने देऊ नका. सशाच्या आणि गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि औषधानेच प्राणी दगावतो. तसंच गोचिडांसाठी कुत्र्यांचा फिप्रोनिल स्प्रे सशावर मारू नका, तो त्याला विषारी आहे. आणि सोडवताना तुम्हाला ओरखडा आला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा.

ब्रुकलिनवाडी
न्यूयॉर्कमध्ये ससा पाळणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडी भर. इथे सेंट्रल पार्क, प्रॉस्पेक्ट पार्कसारख्या ठिकाणी ठरलेल्या भागांत पार्क उघडल्यापासून सकाळी ९ पर्यंत आणि रात्री ९ ते पार्क बंद होईपर्यंत कुत्री पट्ट्याविना सोडायला परवानगी आहे. म्हणजे त्या वेळी ‘पट्टा लावा’ असा हक्क तुमच्याकडे नाही. कुत्र्यांच्या कुंपणबंद आवारात दुसरं कोणतंही जनावर नेऊ नका, रिकामं असलं तरीही. आरएचडीव्ही-२ या सशांच्या जीवघेण्या विषाणूची लस २१ दिवसांच्या अंतराने दोनदा आणि मग दरवर्षी घेतल्याशिवाय गवतावर पायच नको, हा विषाणू बुटांच्या तळव्यांनीही पसरतो. घारींऐवजी इथे लाल शेपटीचे ससाणे आहेत. फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) पाळणं शहरात बेकायदा आहे, तेव्हा तो घेऊन पार्कात जाणं म्हणजे आपणहून अडचण ओढवून घेणं.

हिरवळ
सगळ्यांचे मनापासून आभार. गिनीपिगचा विषय संपला. सशासाठी सोसायटीचं मागचं आवार पाहते, फाटक आहे. भाच्याकडे इग्वाना (मोठा सरडा) आहे आणि शेजारी पिंजऱ्यात पोपट, त्यांनाही सोबत यायचंय. त्यांना काय सांगू?

टेकडीरोज
पोपट हिरवा देशी असेल तर प्रश्न मैदानाचा नाहीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो पाळणंच गुन्हा आहे, तेच चांदणी कासवाचं. इग्वाना परदेशी आहे, त्याची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. ती नसेल तर आधी ती करू दे. नोंदणी असली तरी मोकळ्या कुत्र्यांपाशी नको. तो घाबरला की झाडावर चढतो आणि उतरवायला अग्निशमन दलाला बोलवावं लागतं.

लंबकर्ण
मागच्या आवाराबद्दल: आधी एकट्याने जाऊन कडेकडेने फिरा. कण्हेर, रुई, घाणेरी, गाजर गवत दिसलं तर तो कोपरा सोडा. कण्हेरीची तर पडलेली पानंही वेचा, सुकल्यावरही ती विषारीच राहतात. माळीकाकांना विचारा की तणनाशक किंवा कीटकनाशक शेवटचं कधी मारलं. महिन्याच्या आत मारलं असेल तर ते गवत खाऊ देऊ नका, सतरंजी टाकून वर घरचं गवत द्या. हरळी स्वच्छ असेल तर बिनधास्त. फाटकाखालची फट मोजा, सशाचं डोकं जाईल एवढी असेल तर अख्खा ससा जातो. विटा लावून बंद करा आणि रखवालदाराला सांगून ठेवा की ती वीस मिनिटं फाटक कुणासाठी उघडायचं असेल तर आधी हाक मारा.