चिऱ्याच्या घरातल्या खोलीत रॉक बँडसाठी स्टुडिओ : सुरुवात कुठून करावी?

ओव्हरड्राइव्ह_रत्नागिरी

नमस्कार मंडळी,
तळमजल्यावरची एक खोली कायमची रेकॉर्डिंगसाठी द्यायची आहे. आतून १५ × १२ फूट, उंची साडेदहा. भिंती चिऱ्याच्या, नऊ इंची, आतून प्लास्टर, बाहेरून नुसत्या दरजा भरलेल्या. वर स्लॅब. एक खिडकी शेजाऱ्यांच्या बाजूला, त्यांचं घर २० फुटांवर. पूर्ण ड्रम किट, बेस, दोन गिटार. गायन नंतर वेगळं. पावसाळ्यात फरशीला ओल येते. सुताराचं म्हणणं, भिंतींना दोन इंची फोम चिकटवला की आवाज बाहेर जाणार नाही. हे खरं आहे का? आणि पैसे आधी कशावर घालावेत?

खर्जातला

फोम आजच रद्द करा. खोलीतला आवाज सुधारणं आणि तो बाहेर जाऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोम पहिलंही अर्धवटच करतो, कारण तो झांजांची चमक शोषतो आणि किकचा (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) धमाका तसाच राहतो. दुसरं काम वजनाचं आणि हवाबंदपणाचं आहे, त्यात फोमचा उपयोग शून्य.

चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा, सच्छिद्र असतो, आवाज त्या भोकांतून झिरपतो. म्हणून बाहेरूनही प्लास्टर करून घ्या. हे काम तुलनेनं स्वस्त आहे. खिडकी नऊ इंची बांधकामानं बुजवा.

मग आत दुसरी खोली. ७० मिमीचे जीआय स्टड (पत्र्याचे उभे खांब) भिंतीपासून ३० मिमी सुटे उभे करा, म्हणजे पोकळी १०० मिमीची होते. त्यात ४८ किलो घनतेचं ५० मिमी रॉकवूल (दगडी लोकर), आणि आतल्या बाजूनं १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येऊ देता. छतालाही तेच, पण रबराच्या किंवा स्प्रिंगच्या हँगरवर.

पोकळीत काटकसर करू नका. दोन बोर्डांचं वजन साधारण १८ किलो प्रति चौरस मीटर. १०० मिमी पोकळीत भिंत आणि बोर्ड मिळून ४५ हर्ट्झच्या आसपास थरथरतात, ५० मिमीत तीच थरथर ६३ हर्ट्झवर चढते. म्हणजे ऐन किकच्या पट्ट्यात, आणि तिथे नवी भिंत आवाज अडवायचं सोडून उलट पुढे ढकलते. तसंच एखादा स्क्रू स्टडमधून चिऱ्यापर्यंत गेला तर तेवढ्यावरून धक्के थेट बाहेर पोचतात. मिस्त्री 'हलतंय' म्हणून हमखास असा स्क्रू मारतो, त्यामुळे बोर्ड लागण्याआधी स्वतः बॅटरी घेऊन मागे पाहा.

दार : ३ × ७ फुटांच्या दाराखाली ३ मिमी फट राहिली, तर ती दाराच्या जेमतेम ०.१४ टक्के असते. तरी दार कितीही जड केलं तरी २८-२९ डेसिबलच्या वर अडवणूक होत नाही. ड्रम किट सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. ३५ मिमीची भरीव फ्लश दारं दोन लावा, एक बाहेरच्या चौकटीत, एक आतल्या. चारी बाजूंनी रबरी गॅस्केट, खाली दार मिटल्यावर आपोआप उतरणारी सीलपट्टी.

अर्थिंग_आधी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ओल थांबल्याशिवाय एकही बोर्ड लावू नका. बंद पोकळीत ओल गेली की रॉकवूल बसतं, बोर्डाला बुरशी येते आणि सगळं उचकटावं लागतं. आधी बाहेर जमिनीला घरापासून दूर उतार आणि चर, मग आत वॉटरप्रूफिंग, आणि एक अख्खा पावसाळा पाहा. बोर्ड हिरवा, म्हणजे ओलावा सोसणारा घ्या. तो फरशीपासून १० मिमी वर ठेवा आणि फट न कडकणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटनं भरा.

पाण्यानं मोठमोठ्यांना थांबवलंय. न्यूयॉर्कमधला जिमी हेंड्रिक्सचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ बांधताना जमिनीखालच्या मिनेटा ओढ्याचं पाणी आत आलं. पंप बसवावे लागले, मग त्या पंपांचाही आवाज अडवावा लागला. ऑगस्ट १९७० मध्ये स्टुडिओ उघडला आणि १८ सप्टेंबरला हेंड्रिक्स गेला. इतक्या हौसेनं बांधलेल्या जागेत त्याला किती थोडे दिवस मिळाले, याचं आजही वाईट वाटतं.

हवा : स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. हवाबंद खोलीत चार माणसं तासाभरात जडावतात. सहा इंची डक्ट दोन घ्या, एक आत येणारा, एक बाहेर जाणारा. दोन्हींवर १९ मिमी प्लायची पेटी, आतून रॉकवूल आणि कापड, हवेला किमान दोन काटकोनी वळणं. पेटीचं तोंड डक्टपेक्षा मोठं ठेवा म्हणजे हवा संथ येते आणि सूं आवाज माइकमध्ये शिरत नाही. पंखा खोलीबाहेर.

वीज : ऑडिओची सगळी उपकरणं एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर. एसी वेगळ्या लाइनवर. घूं आवाज येतो म्हणून अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. माइक आणि अँपला जोडलेली गिटार एकाच वेळी हातात असताना हा जिवाशी खेळ आहे. डीआय बॉक्सवरचं (गिटार अँपशिवाय थेट रेकॉर्डिंगला जोडायच्या पेटीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्या.

ओव्हरड्राइव्ह_रत्नागिरी

मनापासून आभार. यंदा फक्त प्लास्टर आणि ओलीचं काम करतो. आतली खोली १४ × ११ × १० फूट उरेल असं दिसतं. तिच्यात बेस ट्रॅप (खर्जाचा घुमारा शोषणारे जाड थर) किती लागतील? आणि ड्रमचे माइक?

सहावी_तार

१४ फुटांचा पहिला मोड (त्या लांबीत खोली जिथे घुमते तो सगळ्यात खालचा सूर) ४० हर्ट्झ, ११ चा ५१, १० चा ५६. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. म्हणजे ई आखूड भिंतींजवळ घुमेल आणि खोलीच्या बरोबर मध्ये गायब होईल. मॉनिटर स्पीकर ऐकायची खुर्ची मध्यावर कधीच नको; समोरच्या आखूड भिंतीपासून सव्वापाच फुटांवरून सुरुवात करा आणि कानानं पुढेमागे सरका.

ट्रॅप चारही उभ्या कोपऱ्यांत, फरशीपासून छतापर्यंत. रॉकवूलची १२०० × ६०० × ५० मिमीची स्लॅब मधोमध कापून दोन चौकोन, प्रत्येक चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण. एका स्लॅबचे आठ झाले. ते कोपऱ्यात एकावर एक रचले की समोरची बाजू ६०० मिमीची होते. १० फुटांना ६१ थर लागतात, म्हणजे कोपऱ्याला ८ स्लॅब, एकूण ३२. कापताना तुटतात म्हणून ३५ मागवा. तळाशी १०० मिमीचा प्लायचा ओटा द्या म्हणजे वूल फरशीला टेकत नाही. बाहेरून सुती कापड. कापताना मास्क आणि पूर्ण बाह्या.

ड्रमवर ६ × ४ फुटांचं, १०० मिमी जाड रॉकवूलचं पॅनेल, छताच्या बोर्डापासून १०० मिमी खाली टांगलेलं. ते नसेल तर झांजेचा आवाज ओव्हरहेड (किटच्या वर लावलेल्या) माइकला एकदा थेट आणि एकदा छतावरून किंचित उशिरा मिळतो, दोन्ही एकमेकांना खातात आणि झांज पत्र्यासारखी वाजते. दोन ओव्हरहेड स्नेअरच्या (किटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) मध्यापासून सारख्या अंतरावर, साधारण ४० इंच. सुतळीनं मोजा, डोळ्यांवर विसंबू नका. फरशी कडकच राहू द्या, सतरंजी फक्त किटखाली.

खर्जातला

एक भर. ड्रमच्या टेकच्या वेळी गिटारी डीआयनंच घ्या, वादकांना हेडफोन द्या. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झला बफर १२८ नमुन्यांचं ठेवलं तर त्याचा उशीर २.७ मिलिसेकंद. इंटरफेसची (माइक-गिटार संगणकाला जोडणाऱ्या यंत्राची) जाण्या-येण्याची भर धरूनही वाजवताना अडत नाही. नंतर तोच सिग्नल रीअँप बॉक्समधून (रेकॉर्ड झालेला सिग्नल परत अँपला द्यायच्या पेटीतून) अँपला द्या आणि माइक स्पीकरच्या शंकूच्या मध्यापासून दीड इंच बाजूला, जाळीपासून इंचभर लांब. व्हॉल्व्हचा अँप असेल तर स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी भार घेणारी पेटी) जोडल्याशिवाय त्यात सिग्नल घालू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.