मदत हवी आहे: काकांना दत्तक गेलेला मुलगा सख्ख्या आईला काय म्हणे?

कादंबरी लिहितोय, एका हाकेपाशी अडलोय. काळ १९८५, तासगावकडचं द्राक्षबागायतदार घर. निपुत्रिक थोरल्या भावाने धाकट्याचा सात वर्षांचा मुलगा दत्तक घेतलाय. वाडा एकच, चुली दोन. थोरल्याला बागेला वारस हवाय, पोराला पुढे शहरात शिकायचंय.

कायद्याचं विचारत नाहीये. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा वाचलाय. रीतसर दत्तक रद्द करता येत नाही, मुलालाही जन्मघरी परतता येत नाही, हे त्यातूनच कळलं (आणि कथानकाची अर्धी वाट लागली!). नात्यातल्या दोन आजींनाही विचारलं. एक म्हणाली, ‘काकीच म्हणायचं.’ दुसरीने विषयच बदलला.

अनाथाश्रमातून घेतलेल्या मुलांचे अनुभव इथे लागू पडणार नाहीत, कारण इथे जन्मदाती रोज समोर वावरते. नावगाव नको, फक्त बोलण्यातले शब्द हवेत.

तुमच्या घरात असं दत्तक झालं असेल तर सांगाल का: चारचौघांत तिला ‘काकी’ म्हणणारा मुलगा, दोघंच असताना काय हाक मारायचा? आणि ती ओ द्यायची का?