मदत हवी आहे: गुरंचोरीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल

मंडळी, गुन्हेशास्त्राच्या कोर्ससाठी गुरंचोरीच्या तपासावर प्रोजेक्ट करतोय आणि टेक्सासपाशी गाडी अडलीये. तिथे पशुपालकांची एक संघटना आहे, टेक्सास अँड साउथवेस्टर्न कॅटल रेझर्स असोसिएशन, १८७७ पासूनची, आणि तिचे स्वतःचे स्पेशल रेंजर आहेत. पगार संघटना देते पण अधिकार सरकारने दिलेले, म्हणजे ते अटकसुद्धा करू शकतात!! मला तर हे वाचून जरा विचित्रच वाटलं, खासगी संघटनेचा माणूस आणि हातात पोलिसी अधिकार, मग त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं? तक्रार कुठे करायची?

दुसरं म्हणजे पुरावा. जनावरावर तापल्या लोखंडाचा डाग असतो, तो काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) नोंदवलेला असतो, आणि लिलावाच्या बाजारात संघटनेचे इन्स्पेक्टर विकायला आलेल्या गुरांचे डाग लिहून घेतात, त्यामुळे चोरीचं जनावर विकायला आणलं की माग लागतो, इथपर्यंत कळलं. पण डागच नसेल आणि कानातला बिल्ला कापून टाकला असेल तर? डीएनए जुळवता येतो म्हणे, पण त्यासाठी आधीचा नमुना किंवा त्याची आई-वासरं तरी हवीत ना, आणि ती नसतील तर कोर्टात मालकी कशी सिद्ध करतात?

केनिया पोलिसांचं अँटी स्टॉक थेफ्ट युनिट किंवा ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सची रुरल क्राइम टीम, यांच्याबद्दल कुणी अभ्यास केलाय का? निकालपत्रं कुठे वाचायला मिळतील तेवढं सांगितलंत तरी चालेल, बातम्या नकोत प्लीज, त्या भरपूर जमल्यात.