दबलेले 'बायकी' गुण परत कसे आणायचे? नेमकं काय करायचं ते सांगा

रेघोट्या
हळवेपणा, मदत घेता येणं, काहीही न करता स्वस्थ बसणं, आत काय चाललंय ते ओळखणं. या सगळ्यावर 'बायकी' असा शिक्का बसतो. मुलांना लहानपणीच त्यावरून चिडवलं जातं आणि बायकाही कामाच्या ठिकाणी निभाव लागावा म्हणून ते गुंडाळून ठेवतात. इथवर पटतं. पण पुढे जिथे बघावं तिथे 'आतल्या शक्तीला साद घाला' छापाचं लेखन. साद घालायची म्हणजे काय करायचं? रोज काय, किती वेळ आणि गाडी अडते कुठे, हे जाणकारांनी सांगावं. शिबिरं नकोत.

मंदगती
आधी एक भीती दूर करू. १९७४ साली सँड्रा बेम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ६० विशेषणांची एक प्रश्नावली काढली: २० पुरुषी समजली जाणारी, २० स्त्रैण, २० कशातच न मोडणारी. तोवरच्या बहुतेक चाचण्यांत पुरुषीपणा आणि स्त्रैणपणा ही एकाच पट्टीची दोन टोकं असत. बेमनी त्यांना स्वतंत्र पट्ट्या दिल्या. म्हणजे हळवेपणा वाढला की खंबीरपणा घटतो, असा हिशेब नाही.

सुरुवात शरीरापासून करा. भावना दाबायची सवय मुरली की शब्दच उरत नाहीत. 'कसं वाटतंय?' या प्रश्नाला 'ठीक' आणि 'डोकं फिरलंय' एवढी दोनच उत्तरं शिल्लक राहतात.

दिवसातून ३ वेळा, २-२ मिनिटं. वेळ घड्याळावर ठेवू नका, ठरलेल्या कामाला जोडा: दात घासून झाल्यावर, जेवणाआधी, दिवा मालवण्याआधी. जबडा, गळा, छाती, पोट, तळहात या क्रमाने लक्ष न्या आणि जे असेल तेवढंच लिहा: घट्ट, जड, गरम, पोकळ. मग भावनेचा एक शब्द. नाही सुचला तर जागा कोरी सोडा, ओढूनताणून काही भरू नका.

'राग' लिहिलात तर खाली आणखी एक ओळ: रागाच्या क्षणभर आधी काय होतं? पुष्कळदा अपमान किंवा भीती सापडते. पुरुषांना बहुधा रागाचीच तेवढी मुभा असते, बायकांना नेमकी त्याचीच नसते. म्हणून बायकांनी उलट तपासावं: 'वाईट वाटलं'च्या खाली राग दडलाय का?

पहिले दोन आठवडे 'असं का वाटतंय?' हा प्रश्न वर्ज्य. 'का' आला की डोकं खटला चालवायला बसतं, साक्षीपुरावे गोळा करतं आणि भावना बाजूला राहते. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

चाफेकळी
मंदगतींशी सहमत. पुढची पायरी लेखनाची. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८६च्या प्रयोगात लोक सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहीत. घरी करताना हात थांबवू नका, शुद्धलेखन विसरा. नुसती हकिकत नको (तो आला, हे बोलला, मी निघालो). तेव्हा काय वाटलं आणि आता काय वाटतंय, तेही हवं. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन खाली जातं, हे अपेक्षितच आहे. म्हणून झोपण्याआधी लिहू नका. कालपरवाचा धक्का निवडू नका. आणि हे लेखन कुणाला दाखवायचं नाही, नाहीतर माणूस वाचकासाठी सजवायला लागतो. फाडून टाकलंत तरी चालेल.

मदत घेणं मात्र कागदावर जमत नाही. कुणी कौतुक केलं की 'थँक्यू' म्हणा आणि तोंड बंद. 'छे, त्यात काय एवढं' नको, लगेच उलट कौतुकही नको. त्यानंतरची ती अवघडलेली दोन-तीन सेकंदं काढणं हाच खरा सराव.

मग आठवड्यातून एकदा एक छोटी मागणी, थेट शब्दांत: 'उद्या अर्धा तास माझ्याबरोबर ही कागदपत्रं बघशील का?' समोरच्याला सहज नाही म्हणता येईल अशीच मागणी निवडा. दोन गोष्टींनी हे फसतं. एक, आधी तीन वाक्यं माफी. दुसरी, मदत मिळाल्या मिळाल्या परतफेड करून मोकळं होणं. निदान ते दोन दिवस लांबवा.

जन्मभर दुसऱ्यांचं करत आलेल्यांना आणखी मायाळू व्हायचा सल्ला कृपया देऊ नये. त्यांची माया दबलेली नसते. त्यांचं दबलेलं असतं ते मागणं आणि नकार देणं.

उंबरठा
वरचं सगळं ठीक, पण हे उत्साहाच्या भरात बिघडतंही.

भावना मोकळ्या करणं म्हणजे समोर दिसेल त्याच्यावर ओतणं नव्हे. दाबायला शिकलेला माणूस मोकळा व्हायला लागला की सगळा भार घरातल्या एकाच व्यक्तीवर टाकतो, आणि ती बहुधा बाईच असते. आधी विचारा: '१० मिनिटं ऐकशील का? सल्ला नको.' ती 'आत्ता नको' म्हणाली तर विषय तिथे संपला. ऐकणाऱ्याने उपाय सुचवायचे नाहीत; ऐकलेलं आपल्या शब्दांत एकदा सांगायचं आणि 'बरोबर समजलं का?' एवढं विचारायचं. दुसऱ्या दिवशी पाळी बदला.

दुसरं, ज्यांनी मारहाण किंवा अत्याचार सोसलाय त्यांना छाती-गळ्याकडे लक्ष नेल्यावर घाबरं होऊ शकतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, तळपाय जमिनीवर टेकवावेत आणि फक्त हातपायांपासून सुरू करावं. सगळं बधिर वाटायला लागलं, आपण आपल्यातच नाही असं वाटलं, तर तिथेच थांबा आणि पुढचं मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने करा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर हे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. एक राहिलं: रडू गळ्यापर्यंत येतं आणि तिथेच अडतं, त्याचं काय करायचं?

मंदगती
रडू आणायचं असं ठरवून बसू नका, ठरवलं की हमखास अडतं. रडू आवरताना आपण तीन गोष्टी करतो: जबडा आवळतो, आवंढा गिळतो, श्वास रोखतो. त्या तेवढ्या सोडा. दातांत फट राहील इतपत जबडा सैल, जीभ खाली. ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. सोडताना ओठ मिटून बारीक गुणगुणा, म्हणजे श्वास आपोआप लांबतो. ५ मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वास फार खोल घेतला जातोय, उथळ करा.

आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही रडू येईनासं होतं. तसं असेल तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलायचं का, ते त्या बघतील.